पांढरी, लहान गोळी : विमानात कुणाची तब्येत बिघडली तर नेमकं काय होतं?

"सकाळची एक पांढरी गोळी असते. लहानशी," काकू म्हणाल्या.

दिल्लीहून मुंबईला येणारं संध्याकाळचं विमान होतं. ठाण्याचं जोडपं चारधाम करून घरी निघालेलं. काका खिडकीपाशी, चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम, हाक मारली तर नुसता हुंकार. मी सीटांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत गुडघ्यावर बसून त्यांची नाडी शोधत होते.

"गोळी बीपीची का शुगरची, काकू?"

"बीपीची असेल. नाहीतर ती रक्त पातळ करायची. मुलगा डब्यात भरून देतो ना सगळ्या. डबा मोठ्या बॅगेत आहे."

मोठी बॅग आमच्या पायाखाली, सामानाच्या कप्प्यात होती. उतरेपर्यंत तिथे कुणाचाही हात पोचणार नव्हता.

मी 14 वर्षं केबिन क्रू म्हणून उडले, त्यातली शेवटची काही वर्षं लीड, म्हणजे क्रूची प्रमुख म्हणून. विमानात तब्येत बिघडलेली माणसं पुष्कळ पाहिली आणि बहुतेक वेळा आमचं घोडं अडलं ते माहितीपाशी. आकाशात ऑक्सिजन असतो, औषधांची पेटी असते, कित्येकदा डॉक्टरही असतात. पण समोरच्या माणसाला आधीपासून काय आहे आणि तो काय घेतो, हे फक्त त्यालाच किंवा त्याच्या माणसांना ठाऊक असतं. ते कळलं नाही तर बाकीचं सगळं अंधारात चालतं. म्हणून आत काय घडतं ते नीट सांगावंसं वाटलं.

आधी शरीराचं. विमान 35,000 फुटांवर उडतं तेव्हा केबिनमध्ये हवा दाबून भरलेली असते, पण जमिनीइतकी नाही. आतली हवा साधारण 6,000 ते 8,000 फूट उंचीवरच्या हवेइतकी विरळ असते. आपलं कळसूबाईचं शिखर 1,646 मीटर, म्हणजे सुमारे 5,400 फूट. तेव्हा मुंबईत विमानात बसलेला माणूस तासाभरात कळसूबाईपेक्षा उंच, जवळपास सिमल्याच्या उंचीवर जाऊन बसतो, तेही एक पाऊल न टाकता. कोविडच्या काळात घराघरात आलेलं ऑक्सिमीटर तिथे बोटाला लावलं, तर धडधाकट माणसाचा आकडाही 90 ते 93 पर्यंत उतरलेला दिसू शकतो. त्याला ते जाणवतही नाही. पण ज्याचं हृदय अशक्त आहे, फुप्फुसांचा जुना आजार आहे, हिमोग्लोबिन फार कमी आहे, त्याच्या अंगात राखीव साठाच नसतो.

दाब कमी झाला की वायू फुगतो. चिप्सचं पाकीट वर गेल्यावर टम्म होतं ते त्यामुळेच. पोटातली, कानातली, सायनसमधली हवाही साधारण 30 टक्क्यांपर्यंत पसरते. एरवी फार तर पोट फुगल्यासारखं वाटतं. पण पोटाचं, डोळ्याचं किंवा छातीचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल आणि आत हवा किंवा वायू राहिला असेल, तर हाच 30 टक्क्यांचा हिशोब जिवावर बेतू शकतो. मालवणला, तारकर्लीला स्कूबा करून त्याच संध्याकाळी गोव्याहून मुंबईचं विमान पकडणारी तरुण मुलं मला भेटलेली आहेत. पाण्याखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन वर आल्यावर हळूहळू बाहेर पडतो. तो पुरता बाहेर पडायच्या आत कमी दाबात गेलं, तर त्याचे बुडबुडे सांध्यांत, कधी मज्जारज्जूतही त्रास देतात. स्कूबानंतर किमान 18 तास, जमलं तर पूर्ण 24 तास विमान टाळावं.

केबिनची हवा कोरडीही असते. आर्द्रता 10 ते 20 टक्के. घामाघूम मुंबईतून तिथे गेलेल्याला आपण सुकतोय हे समजतच नाही.

आता काकांचं बघा. चारधामची दगदग, पहाटेपासून प्रवास, लघवीला उठावं लागू नये म्हणून दिवसभर न प्यालेलं पाणी, रिकाम्या पोटी घेतलेली ती गोळी आणि वर ही हवा. चक्कर येणार नाही तर काय होईल?

आणि विमानात सगळ्यात जास्त घडतं ते हेच. 2013 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये पाच विमान कंपन्यांच्या जवळपास 12,000 घटनांचा अभ्यास आला होता. साधारण 604 उड्डाणांमागे एकदा वैद्यकीय मदतीची गरज पडली. त्यातल्या 37 टक्के घटना चक्कर येण्याच्या किंवा शुद्ध हरपण्याच्या होत्या, 12 टक्के श्वासाच्या त्रासाच्या, साडेनऊ टक्के मळमळ-उलटीच्या. हृदय बंद पडणं अगदी थोड्या वेळा. विमान वाट बदलून दुसरीकडे उतरवावं लागलं ते फक्त 7 टक्क्यांच्या आसपास. म्हणून शेजारचा माणूस मान टाकताना दिसला की पहिल्यांदा एवढं लक्षात ठेवा : बहुधा तो आडवा झाला की सुधारेल.

पण विमानात माणूस आडवा होत नाही, हीच पंचाईत आहे. रस्त्यात चक्कर आलेला माणूस खाली पडतो आणि त्या पडण्यातच निम्मा उपचार असतो, कारण रक्त डोक्याकडे वळतं. विमानात पट्टा आणि समोरची सीट त्याला बसतंच ठेवतात. त्यात भोवतालचे लोक मायेने त्याला सरळ बसवतात, डोकं धरून ठेवतात, तोंडाला पाण्याची बाटली लावतात. यातली एकही गोष्ट करू नका. अर्धवट शुद्धीतल्या माणसाला पाजलेलं पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं. काकांच्या वेळी आम्ही आधी काकूंना आणि पलीकडच्या सद्गृहस्थांना उठवलं, हातांचे दांडे वर केले, काकांना तीन सीटांवर आडवं केलं आणि पायांखाली दोन पाठपिशव्या रचल्या. मिनिटभरात ओठांवर रंग आला. "कुठे आलो?" हा त्यांचा पहिला प्रश्न. काकूंनी तेवढ्या वेळात पदराला किती पीळ घातले होते ते मला अजून दिसतं.

आमची माणसं काय करत असतात

नियमाप्रमाणे दर 50 सीटांमागे एक केबिन क्रू असतो. 180 सीटांच्या विमानात आम्ही चौघं. एक रुग्णापाशी थांबते आणि तिथून हलत नाही. दुसरी ऑक्सिजनची बाटली आणि पेट्या घेऊन येते. तिसरी इंटरफोनवरून कॅप्टनला सांगते : सीट नंबर, वय, शुद्ध आहे का, श्वास चालू आहे का. उरलेली बाकीच्या प्रवाशांकडे बघते. मोबाइल वर करून चित्रीकरण करणाऱ्यांना थांबवणं हेही तिचंच काम. कॅमेऱ्यासमोर आपल्या नवऱ्याच्या शर्टाची बटणं उघडली जाताना बघणाऱ्या बाईचं काय होत असेल, एवढा विचार करा.

नातेवाईक हमखास म्हणतात, "अहो, वरचे मास्क सोडा ना खाली!" ते मास्क केबिनमधला दाब अचानक गेला तर त्यासाठी आहेत. सोडले तर सगळ्या केबिनभर पडतात, बहुतेक विमानांत त्यांचा ऑक्सिजन साधारण 12 ते 20 मिनिटंच पुरतो आणि एका रुग्णासाठी त्यांचा उपयोग नसतो. रुग्णासाठी हिरवी किंवा पिवळी हातात उचलायची बाटली असते. तिच्यावर दोन खुणा असतात, कमी आणि जास्त. कमीवर मिनिटाला 2 लिटर, जास्तवर 4. साधारण 310 लिटरची बाटली जास्तवर ठेवली तर सव्वा तास जाते. मग दुसरी. लांबच्या उड्डाणात हा हिशोब आम्ही कागदावर मांडत असतो.

पेट्या वेगवेगळ्या असतात. प्रथमोपचाराची पेटी आम्ही स्वतः उघडतो. डॉक्टरांची पेटी वेगळी आणि सीलबंद. तिच्यात बीपीचं यंत्र, स्टेथोस्कोप, सलाईन, इंजेक्शनं, हृदयासाठीची आणि दम्याची औषधं असतात. ती डॉक्टर पुढे आले की उघडायची. म्हणूनच ती घोषणा होते : विमानात कुणी डॉक्टर आहेत का?

मी ऐकलंय, कित्येक डॉक्टर त्या क्षणी दबकतात. "मी डोळ्यांचा डॉक्टर आहे, मी काय करणार?" "उद्या केस झाली तर?" त्यांना मनापासून सांगते, हात वर करा. तुम्ही नाडी मोजू शकता, रुग्णाशी धीराने बोलू शकता, आमचं निरीक्षण नीट शब्दांत मांडू शकता. तेवढं आम्हाला फार असतं. त्याच अभ्यासात जवळजवळ निम्म्या वेळा कुणी ना कुणी डॉक्टर पुढे आल्याची नोंद आहे. अमेरिकेत 1998 पासून विमानात मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे. आपल्याकडे अपघातातल्या जखमीला मदत करणाऱ्यांसाठी 2019 ची तरतूद रस्त्यापुरती आहे. मात्र चांगल्या हेतूने, दुसऱ्याच्या भल्यासाठी केलेल्या कृतीला आपला फौजदारी कायदाही आधार देतो. माझ्या मते विमानासाठी स्पष्ट शब्दांतला वेगळा कायदा व्हायला हवा. डॉक्टरांच्या मनातली ती भीती मी फार जवळून पाहिलेली आहे.

येणाऱ्या डॉक्टरांना एक गोष्ट आधीच ठाऊक असू द्या : स्टेथोस्कोपने जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. इंजिनाची घरघर सगळं गिळते. मी अनुभवी फिजिशियनना कानातली नळी काढून मनगटावर बोटं ठेवताना पाहिलंय. बीपीचा पट्टा फुगवायचा, सोडायचा आणि नाडी बोटाला परत लागली की वरचा आकडा धरायचा. खालचा मिळत नाही. तेवढ्यावर चालवायचं.

डॉक्टर नसेलच तर? तर जमिनीवर असतात. अनेक विमान कंपन्या अशा सेवांशी करार करतात, जिथे तातडीच्या उपचारांतले डॉक्टर चोवीस तास फोनवर असतात. अशी एक मोठी सेवा अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या फीनिक्सहून चालते. कॅप्टन रेडिओ किंवा सॅटेलाइट फोनने त्यांच्याशी बोलतात आणि आम्ही खालून आलेले प्रश्न रुग्णाला विचारतो. वय? छातीत दुखतंय का, कुठून कुठे जातंय? आधी काही झालंय? आणि मग हमखास येणारा प्रश्न : कोणती औषधं चालू आहेत?

इथे "पांढरी, लहान गोळी" हे उत्तर किती महागात पडतं बघा. छातीत दुखणाऱ्याला अ‍ॅस्पिरिन द्यायची तर तो आधीच रक्त पातळ करणारं काही घेतो का, त्याला अ‍ॅलर्जी आहे का, हे हवं. जिभेखाली हृदयासाठीची सॉर्बिट्रेट गोळी ठेवायची तर बीपी आधीच उतरलेलं नाही ना हे हवं, आणि त्याने व्हायग्रासारखं औषध घेतलंय का हेही हवं, कारण दोन्ही मिळून बीपी धोकादायक खाली जातं. शेवटचा प्रश्न मराठी घरातल्या पुरुषाला बायकोसमोर विचारणं किती अवघड असतं! मी काकूंना दोन मिनिटं गॅलीत, म्हणजे विमानातल्या स्वयंपाकघरात, पाणी आणायला पाठवून विचारलेला आहे. खरं उत्तर द्या, एवढंच म्हणेन.

उतरायचं कुठे

निर्णय कॅप्टनचा. डॉक्टर सल्ला देतात, आम्ही बघितलेलं सांगतो, शेवटचा शब्द त्यांचा. आणि "जवळचं विमानतळ" या शब्दाचा अर्थ आकाशात वेगळा असतो.

काकांना बरं वाटेना तेव्हा आम्ही सुरतेच्या आसपास होतो. शेजारच्या एका गृहस्थांनी खिडकीतून दिवे बघून विचारलं, "सुरत खालीच आहे, तिथे का उतरत नाही?" विमान लिफ्टसारखं सरळ खाली येत नाही. ढोबळ हिशोब असा की दर 1,000 फूट उतरायला 3 सागरी मैल लागतात. 35,000 फुटांसाठी झाले 105 सागरी मैल, म्हणजे जवळपास 195 किलोमीटर. सुरतेच्या वर असताना सुरतेला उतरायचं तर घिरट्या घालत खाली यायचं. तेवढ्याच वेळात मुंबई येते, आणि मुंबईत मोठी हॉस्पिटलं आहेत. त्या वेळी मुंबईच जवळची होती.

शिवाय धावपट्टी पुरेशी लांब हवी, हवामान बरं हवं, रात्री विमानतळ उघडा हवा, आणि उतरल्यावर हृदयाचे उपचार करणारं हॉस्पिटल गाठता यायला हवं. अडचण वजनाचीही असते. लंडनला निघालेलं मोठं विमान तासाभरात परत आणायचं तर टाक्या भरलेल्या असतात. काही मोठी विमानं हवेत इंधन सोडू शकतात, आपली नेहमीची ए-320 सारखी विमानं शकत नाहीत. जिवाचाच प्रश्न असेल तर जास्त वजनानेही उतरतात आणि मग विमानाची तपासणी होते.

देशाच्या मध्यावर असल्यामुळे नागपूरला अशी विमानं बऱ्याचदा उतरतात. ऑगस्ट 2023 मध्ये बंगळूरहून दिल्लीला जाणाऱ्या विमानात जन्मजात हृदयविकार असलेल्या एका लहान बाळाचं हृदय थांबलं. त्याच विमानात दिल्लीच्या एम्सचे पाच डॉक्टर होते. त्यांनी छाती दाबून सीपीआर दिला, विमानातलं शॉक देण्याचं यंत्र वापरलं आणि हृदय पुन्हा चालू केलं. विमान नागपूरला उतरवलं. काही दिवसांनी हॉस्पिटलमध्ये ते बाळ दगावलं. मार्च 2021 मध्ये शारजाहहून लखनौला येणारं भारतीय विमान अशाच कारणासाठी कराचीला उतरलं होतं. तो प्रवासीही वाचला नाही. सगळे प्रयत्न बरोबर होऊनही माणूस जातो. आमच्या क्रूमधल्या लहान मुली अशा रात्रींनंतर हॉटेलच्या खोलीत एकट्या झोपू शकत नाहीत. त्यांना हे कुणीतरी समजावून सांगावं लागतं.

सीपीआरबद्दल थोडं. सीटवर बसलेल्या माणसाला छाती दाबून उपयोग होत नाही, पाठीखाली कठीण जमीन हवी. म्हणून त्याला ओढत गॅलीत किंवा दाराजवळच्या मोकळ्या जागेत न्यावं लागतं. 80 किलोचा माणूस दीड फुटाच्या वाटेतून काढताना आम्ही धडधाकट प्रवाशांची मदत मागतो. मग मिनिटाला 100 ते 120 वेळा, 5 ते 6 सेंटिमीटर खोल. दोन मिनिटांत दमछाक होते, म्हणून माणूस बदलायचा. तुम्हाला येत असेल तर रांगेत उभे राहा. येत नसेल तर शिकून घ्या, एका दुपारचं काम आहे.

इकडे कॉकपिटमधून "पॅन-पॅन" असा तातडीचा संदेश जातो आणि मुंबईचं एटीसी, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रण, वाट मोकळी करायला लागतं. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते आणि संध्याकाळी वर विमानांची रांग लागलेली असते. रुग्ण असलेलं विमान त्या रांगेतून पुढे घेतलं जातं. तुम्ही कधी मुंबईवर अर्धा तास घिरट्या घातल्या असतील, तर त्यातली पाच मिनिटं कदाचित अशा कुणाला दिलेली असतील.

आणि मग चाकं टेकतात, आणि सगळे उभे राहतात.

आम्ही आधी तीनदा सांगितलेलं असतं की बसून राहा, डॉक्टर पुढच्या दाराने येणार आहेत. तरी पट्ट्याचा दिवा विझला की वाट बॅगांनी भरते. डॉक्टर आणि व्हीलचेअर पुढे अडकतात आणि मागे माणूस श्वास मोजत असतो. 14 वर्षांत मला सगळ्यात जास्त संताप या मिनिटांचा आला. कृपा करून बसून राहा. अ‍ॅम्ब्युलन्स विमानाच्या पायथ्याशी उभी असते, तिच्यापर्यंत जायला फक्त ती वाट मोकळी हवी असते.

निघण्याआधी

मुंबईहून परदेशी जाणारी कितीतरी विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. मुलीच्या बाळंतपणाला अमेरिकेला निघालेले आईबाबा साताऱ्याहून दुपारीच गाडीत बसतात, घाटातल्या आणि एक्स्प्रेसवेच्या ट्रॅफिकच्या धास्तीने रात्री आठलाच सहारला पोचतात आणि तीनच्या विमानात बसतात तेव्हा बारा तास झोप नसते, धड जेवण नसतं, त्यात एखादीची चतुर्थी. इन्सुलिन घेणाऱ्याने रिकाम्या पोटी नेहमीचा डोस टोचलेला असतो. अशा वेळी मला खरंच त्यांच्या मुलांना फोन करून सांगावंसं वाटायचं. डॉक्टरांना विचारून वेळेच्या फरकाप्रमाणे गोळ्या-इन्सुलिनचं वेळापत्रक लिहून द्या. उपास त्या दिवशी नको. हृदयविकाराचा झटका, ऑपरेशन, प्लॅस्टर, गरोदरपणाचे शेवटचे आठवडे, घरी ऑक्सिजन लागणं, यातलं काहीही असेल तर विमान कंपनीला आधी कळवा आणि डॉक्टरांचं प्रमाणपत्र घ्या. ते लपवून विमानात बसणारे पुष्कळ असतात आणि त्याची किंमत तेच मोजतात.

औषधं पर्समध्ये, पट्टीसकट. डब्यात भरलेल्या मोकळ्या गोळ्या आम्हाला ओळखता येत नाहीत. इन्सुलिन तर खालच्या सामानात अजिबात नको, तिथे गोठण्याची भीती असते. आणि एक कागद : नाव, वय, आजार, औषधांची नावं आणि डोस, अ‍ॅलर्जी, अँजिओप्लास्टी किंवा ऑपरेशन कधी झालं, घरच्या एका माणसाचा नंबर. स्वच्छ अक्षरात, कारण तो अंधाऱ्या केबिनमध्ये कुणीतरी रेडिओवरून मोठ्याने वाचणार आहे. पाकिटात ठेवा आणि शेजारी बसलेल्या आपल्या माणसाला सांगून ठेवा.

काका मुंबईला उतरेपर्यंत नीट बोलायला लागले होते. व्हीलचेअरवर बसताना त्यांनी माझा हात धरला आणि सोडलाच नाही, मी दारापर्यंत तशीच चालत गेले. खाली अ‍ॅम्ब्युलन्सच्या पायरीवर तरुण डॉक्टर उभी होती. तिने मनगट हातात घेतलं, बीपीचा पट्टा गुंडाळला आणि काकूंकडे बघून विचारलं, "आई, कोणत्या गोळ्या चालू आहेत यांच्या?"

काकूंनी माझ्याकडे बघितलं. सामान पट्ट्यावर यायला अजून वीस मिनिटं होती.